कट्टरतेविरुद्धच्या सरकारी मोहिमा: तुमच्या फोनवर त्या कशा चालतात आणि कुठे अडतात?

या साइटवर आपण बहुतेक वेळा फोनची सेटिंग, नवीन ॲप, बॅटरी आणि कॅमेरा यावर बोलतो. आजचा विषय थोडा जड वाटेल, पण तोही तुमच्या फोनमध्येच घडतो. 'अफवांवर विश्वास ठेवू नका', 'आक्षेपार्ह पोस्ट टाकल्यास कारवाई होईल', 'तरुणांनो, चुकीच्या मार्गाला लागू नका' असे मेसेज पोलिसांच्या पेजवरून, जिल्हा प्रशासनाच्या हँडलवरून, नाहीतर तुमच्या गावच्या ग्रुपवर पोलीस पाटलांकडून आलेले तुम्ही पाहिले असतील. पाहिले आणि पुढे सरकवले असतील, हेही मला माहीत आहे. मीही तेच करतो.

लोकांना हिंसक, कट्टर विचारांपासून दूर ठेवायचं आणि त्याविरुद्ध जनमत तयार करायचं, यासाठी जगभरातली सरकारं प्रचार मोहिमा चालवतात. आपल्या महाराष्ट्रातही चालतात. कधी मुद्दा धार्मिक दहशतवादाचा असतो, कधी नक्षलवादाचा, कधी एखाद्या रीलवरून पेटणाऱ्या दंगलीचा. मी बुलढाणा जिल्ह्यातला, इंजिनीअरिंग शेगावला केलं आणि आता पुण्यात लोकांच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवणाऱ्या सिस्टिमवर काम करतो. म्हणजे मेसेज पोहोचवणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे या मोहिमांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. मेसेज पोहोचला आणि मेसेज पटला, यात किती अंतर असतं ते आमच्या कामात रोज दिसतं.

आधी सोपा मार्ग: बंद करून टाका

नको असलेला विचार पसरत असेल तर सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे तो दिसूच द्यायचा नाही. आयटी कायदा २००० च्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार एखादी वेबसाइट किंवा पोस्ट ब्लॉक करायला सांगू शकतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये देशभर एकदम ३२ वेबसाइट बंद झाल्या. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, आयसिसशी संबंधित मजकूर तिथे असल्याचं सांगितलं होतं. यादीत कोण होतं? व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह आणि चक्क गिटहब!

मी तेव्हा बारावीत होतो, गिटहब हे नावही ऐकलेलं नव्हतं. पण आज कोणत्याही सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. गिटहब बंद म्हणजे मंडीचं गेट बंद करून सगळ्या गावाला भाजी नाही म्हणून सांगण्यासारखं. काही दिवसांत गाजावाजा झाला आणि एकेक साइट पुन्हा सुरू झाली.

असं का झालं, हे समजून घ्या, कारण तांत्रिक कारण मजेशीर आहे. तुम्ही एचटीटीपीएस असलेल्या साइटवर जाता तेव्हा तुमच्या नेटवर्क कंपनीला फक्त साइटचं नाव दिसतं. त्या साइटवरचं नेमकं कोणतं पान तुम्ही उघडलं, ते एन्क्रिप्ट झालेलं असतं. त्यामुळे कंपनीला 'या साइटवरचं हे एकच पान बंद कर' असं सांगितलं तरी तिला ते जमत नाही. एक तर सगळी साइट बंद, नाहीतर काहीच नाही. एका खोलीत चोर आहे म्हणून अख्ख्या वाड्याला कुलूप. नेमकं एक पान काढायचं असेल तर ते साइटवाल्यालाच काढावं लागतं.

मोठ्या कंपन्या ते 'हॅश' वापरून करतात. व्हिडिओ किंवा फोटोची एक गणिती ठशासारखी ओळख तयार करायची आणि तीच ओळख असलेली फाइल पुन्हा कोणी अपलोड केली की अडवायची. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूबने २०१७ मध्ये एकत्र येऊन असे ठसे एकमेकांना द्यायला सुरुवात केली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर हल्ला झाला आणि हल्लेखोराने तो लाइव्ह दाखवला. त्यानंतरच्या २४ तासांत फेसबुकने त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या, त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या. उरलेल्या ३ लाख मात्र आधी चढल्या आणि मग काढाव्या लागल्या. लोकांनी व्हिडिओ कापला, स्क्रीनवरून पुन्हा शूट केला, की ठसा बदलतो.

व्हॉट्सॲपचे दोन बाण

आता आपल्या जवळची गोष्ट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची ही माणसं. भिक्षा मागत फिरणारी. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी व्हॉट्सॲपवरची अफवा. यात कोणती संघटना नव्हती, कोणतं तत्त्वज्ञान नव्हतं. पण अनोळखी माणसाला शत्रू ठरवून जमावाने निकाल लावायचा, ही पद्धत तीच आहे. म्हणून मी ती याच विषयात धरतो.

त्या वर्षी देशात अशा अनेक घटना झाल्या. केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला आणि जुलै २०१८ मध्येच भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक बदल झाला. जो मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलेला आहे त्यावर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. असे मेसेज पुढे जाण्याचं प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने सांगितलं.

मला बरेच जण विचारतात, 'मेसेज एन्क्रिप्टेड आहे, मग व्हॉट्सॲपला कसं कळतं तो किती वेळा फॉरवर्ड झाला?' त्याला कळतच नाही. मोजणी मेसेजच्या आतच असते. तुम्ही फॉरवर्ड दाबलं की तुमचा फोन तो आकडा एकने वाढवून मेसेजसोबत एन्क्रिप्ट करून पाठवतो. कंपनीच्या सर्व्हरला मजकूर दिसत नाही आणि आकडाही नाही. म्हणूनच तुम्ही मेसेज कॉपी करून नवीन म्हणून चिकटवला की मोजणी शून्यावर येते. आमच्या नात्यातल्या एका काकांना ही युक्ती कुठून कळली देव जाणे, पण ते हल्ली सगळं कॉपी-पेस्टच करतात. 'दोन बाण दिसले की लोकं खोटं समजतात बे,' हे त्यांचं म्हणणं.

गंमत बघा, हजार जनजागृती पोस्टरनी जे झालं नसतं ते एका छोट्या अडथळ्याने झालं. कोणालाही उपदेश केला नाही, फक्त बोटाला थोडा जास्त त्रास दिला.

याच्या उलट टोकाचा उपाय म्हणजे इंटरनेटच बंद करणं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावतीत मोर्चे, बंद आणि जाळपोळ झाली तेव्हा तिथलं इंटरनेट बंद केलं होतं. अफवा थांबावी म्हणून हे करतात, ते समजतं. पण इंटरनेट बंद असताना 'ती बातमी खोटी आहे' हा पोलिसांचा स्वतःचा मेसेजही कोणाच्या फोनवर पोहोचत नाही. अफवेला फोन लागतोच असं नाही, ती पानटपरीवरूनही जाते. खुलाशाला मात्र फोन लागतो.

मन वळवायचं म्हटलं की

बंद करणं, अडवणं हे झालं. खरं अवघड काम पुढचं आहे: समोरच्याचं मत बदलणं. इथे मोठमोठ्या देशांनी हात पोळून घेतलेत.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डिसेंबर २०१३ मध्ये इंग्रजीत 'थिंक अगेन, टर्न अवे' नावाने ट्विटर खातं सुरू केलं. आयसिसच्या समर्थकांना तिथल्या तिथे उत्तरं द्यायची, त्यांची क्रूरता दाखवायची अशी कल्पना. खात्यावर सरकारी शिक्का होता. झालं काय, तर ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशा समर्थकांना अमेरिकन सरकार स्वतः उत्तर देतंय म्हटल्यावर त्यांचा भाव वाढला. कारण अल्गोरिदमला तुमचा हेतू कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की या पोस्टवर उत्तरं येतायत, लोक थांबून बघतायत, म्हणजे ही आणखी लोकांना दाखवू या. तुम्ही रागाने कमेंट केली तरी ती मोजणीत धरली जाते. द्वेष पसरवणाऱ्या रीलखाली जाऊन शिव्या घालणारे माझे काही मित्र आहेत, त्यांना हे मी दहादा सांगितलंय.

दुसरा प्रयोग गूगलच्या जिगसॉ या विभागाने केला, 'रिडायरेक्ट मेथड' नावाचा. इथे डोकं लावलं होतं. गूगलवर तुम्ही 'पंप सेट' शोधलं की वर पंपाची जाहिरात येते ना, तीच यंत्रणा वापरायची. आयसिसबद्दल सहानुभूती दाखवणारे शब्द, त्यांच्या घोषणा, त्यांच्या प्रचार माध्यमांची नावं कोणी शोधली, की त्याला साधी जाहिरात दाखवायची. क्लिक केलं की यूट्यूबची एक यादी उघडते. त्या यादीतले व्हिडिओ सरकारने बनवलेले नव्हते. आधीपासून यूट्यूबवर असलेले, त्या भागातल्या माणसांचे, धर्म अभ्यासकांचे, तिथून परत आलेल्यांचे व्हिडिओ निवडून लावलेले. आठ आठवड्यांत सुमारे ३,२०,००० लोकांपर्यंत हे पोहोचलं.

इथे माझ्यातला इंजिनीअर हात वर करतो. ३,२०,००० ही पोहोच आहे. किती जणांचं मत बदललं याचा तो आकडा नाही, आणि तो मोजणं जवळपास अशक्य आहे. आमच्याकडेही नोटिफिकेशन किती जणांनी उघडलं हे स्क्रीनवर दिसतं. उघडून मनात शिवी घातली की वाहवा केली, ते दिसत नाही. सरकारी खात्यांच्या 'आमची पोस्ट इतक्या लाख लोकांनी पाहिली' या आनंदाकडेही असंच बघा.

ही पद्धत मराठीत आणायची तर आणखी एक घोळ आहे. कोणते शब्द पकडायचे? आपण शोधताना निम्मं रोमन लिपीत टाइप करतो, निम्मं देवनागरीत. कोणी 'मला' लिहितो, आमच्याकडे खामगाव-शेगावकडे 'मले' लिहितात, कोणी हिंदी मिसळतो. टोमणा आणि खरी धमकी यातला फरक मशीनला इंग्रजीतही नीट कळत नाही, वऱ्हाडीत काय कळणार!

ब्रिटनचं उदाहरण सगळ्यात जास्त शिकवणारं आहे. तिथल्या गृहखात्यात २००७ पासून या कामासाठी एक स्वतंत्र विभाग होता. त्यांना कळलं की सरकारी शिक्का दिसला की तरुण मुसलमान मुलं बघतच नाहीत. मग शिक्का काढून टाकला. वरून स्थानिक लोकांची वाटणारी, पण आतून सरकारी पैशाने चालणारी कामं सुरू झाली. २०१६ मध्ये गार्डियन वृत्तपत्राने हे उघड केलं. त्यानंतर खरोखर स्वतःच्या मनाने काम करणाऱ्या लोकांकडेही संशयाने बघितलं जाऊ लागलं. शिक्का ठेवला तर कोणी ऐकत नाही, लपवला तर उघड झाल्यावर कोणाचंच ऐकत नाही.

मग ऐकतात कोणाचं?

आपल्याकडे याचं उत्तर इंटरनेट येण्याआधीच एका पोलीस अधिकाऱ्याने दिलंय. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्या-त्या वस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी आणि तिथला साधा बीटचा पोलीस, यांनी नियमित भेटायचं. विषय काय, तर नळाचं भांडण, भाडेकरू, रस्त्यातली गाडी. दंगल हा विषयच नाही! डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पाडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला लोकांकडे ओळखीचा माणूस होता. आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्क आधी बांधून तपासलेलं होतं, लोड नंतर आला.

आयसिसच्या काळात महाराष्ट्र एटीएसलाही हेच वळण घ्यावं लागलं. २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण इराकला गेले, त्यानंतर ऑनलाइन जाळ्यात ओढल्या जाणाऱ्या मुलांवर पोलिसांचं लक्ष गेलं. पुढच्या काही वर्षांत एटीएसने प्रत्येकाला थेट गुन्हेगार न ठरवता आई-वडील, धर्मगुरू आणि समुपदेशक यांना सोबत घेऊन मुलांशी बोलण्याचा कार्यक्रम चालवला. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये देशातल्या हजारावर इस्लामी विद्वानांनी आयसिसविरुद्ध फतव्यावर सह्या केल्या, त्या जमवण्याचं काम मुंबईतल्या लोकांनी केलं होतं. जे वाक्य पोलीस आयुक्तांनी म्हटलं असतं तर पोस्टर झालं असतं, तेच मौलानांनी म्हटल्यावर त्याला वजन आलं.

गडचिरोली: जिथे रेंजच नव्हती

आता माझ्या मते सगळ्यात मोठं मराठी उदाहरण. गडचिरोलीत १९८० च्या सुमारास नक्षलवादी आले आणि चाळीसेक वर्षं दोन्ही बाजूंनी लोकांची मनं जिंकायचा झगडा चालला. नक्षल्यांकडे पत्रकं होती, बॅनर होते, गाणी-नाच करणारी पथकं होती, आणि ती गोंडी-माडिया बोलत होती. सरकारकडे काय होतं? मराठीतले शासन निर्णय. सुरुवातीलाच भाषेवर मार खाल्ला.

हळूहळू सरकारही शिकलं. पोलिसांनी गावोगावी जनजागरण मेळावे सुरू केले. २००३ मध्ये गावबंदी योजना आली, म्हणजे गावाने नक्षल्यांना बंदी करण्याचा ठराव करायचा आणि सरकारने त्या गावाला विकासासाठी निधी द्यायचा. २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना आली. पण मला सगळ्यात हुशार वाटते ती अलीकडची 'पोलीस दादालोरा खिडकी'. दुर्गम भागातल्या पोलीस ठाण्यात आणि मदत केंद्रात एक खिडकी, जिथे जातीचा दाखला, आधार, सरकारी योजनांचे अर्ज ही कामं होतात. त्या भागात तहसील म्हणजे एक दिवसाची वाट आणि मजुरी बुडणार. जो पोलीस आधी फक्त झडती घ्यायला यायचा तोच आता दाखला काढून देतो. यात प्रचाराचं एक वाक्य नाही, पण मला विचाराल तर हाच खरा प्रचार आहे.

मोबाइल टॉवरची गोष्टही यात येते. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून दहा राज्यांत मिळून २,३४३ टू-जी टॉवर उभे राहिले आणि ते फोर-जी करायचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. आपण फाइव्ह-जीचा स्पीड मोजत होतो तेव्हा तिथे टू-जीच होतं, हे लक्षात घ्या. रेंज आली म्हणजे सरकारी मेसेज पोहोचायला लागला, तसेच इन्स्टाग्राम, सट्ट्याचे ॲप आणि अफवाही पोहोचायला लागल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला शरण आली होती. हे मोहिमेचं यश का? थोडंफार असेल. पण सी-६० जवानांचा दबाव, संघटनेत आतून पडलेली फूट, रस्ते, आणि नवीन मुलं भरती व्हायला तयार नसणं, हे सगळं त्यात आहे. शिवाय मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे बांबू विकायचा अधिकार गावाच्या हातात आला, हेही. बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात तेव्हा 'लोकशाहीत न्याय मिळतो' असं सांगायला वेगळा बॅनर लागत नाही. आणि जिथे लोकांचा खाणीला विरोध आहे तिथे तो बॅनर कितीही मोठा लावला तरी काम करत नाही.

गडचिरोलीतली एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते, आणि ती पूर्णपणे आपल्या क्षेत्रातली आहे. नक्षल्यांनी पोलिसांचे खबरी असल्याच्या संशयावरून अनेक गावकऱ्यांना मारलंय. अशा ठिकाणी मेळाव्याचा फोटो सोशल मीडियावर टाकायचा म्हणजे काय? पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट, खाली गावाचं नाव, तारीख. शहरातल्या ऑफिसात तो 'एंगेजमेंट' असतो. त्या माणसाला तो फोटो रात्री महागात पडू शकतो. मोहिमेचं कौतुक करायला फोटो लागतो हे खरं, पण चेहरे ब्लर करायला एक मिनिट पुरतं. आज धोका कमी झाला असेल, जुने फोटो मात्र तिथेच आहेत आणि फोटोवरून चेहरा शोधणारी साधनं दिवसेंदिवस सोपी होतायत.

आणि आपल्या बुलढाण्यात?

आपल्याकडे ना गडचिरोलीसारखं जंगल, ना भिवंडीसारखी गर्दी. पण मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला. अकोला खामगावपासून तासाभरावर आहे. आपल्या मुलांच्या फोनमध्ये तेच रील येतात जे तिथे येतात.

आपल्याकडची मोहीम म्हणजे सणाआधी पोलीस ठाण्यात होणारी शांतता समितीची बैठक आणि नंतर पेजवर टाकलेला तिचा फोटो. मी एका बैठकीला मामांसोबत गेलो होतो. चहा-बिस्किट झालं, साहेबांनी डीजेचा आवाज आणि मिरवणुकीचा मार्ग सांगितला, दोन्हीकडच्या ज्येष्ठांनी 'आपल्याकडे भाईचारा आहे' म्हटलं. खोटं नव्हतंच ते. सैलानी बाबांच्या यात्रेला पिंपळगाव सराईत दोन्हीकडचे लाखो लोक येतात, नारळांची होळी होते, त्यासाठी कोणत्या खात्याला जाहिरात द्यावी लागत नाही. पण त्या खोलीत पंचविशीच्या आतलं एकही पोरगं नव्हतं. ज्यांच्या हातात ग्रुपचं ॲडमिनपण आहे, जे रात्री दोनला स्टेटस टाकतात, ते कोणी बोलावलेलेच नव्हते. २००७ ला आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा तंटा बांधावर व्हायचा, म्हणून समितीत गावचे जाणते लोक होते ते बरोबरच होतं. आता तंटा कमेंटमध्ये सुरू होतो.

दुसरं म्हणजे पोस्टची भाषा. 'भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६, २९९, ३५३ अन्वये कठोर कारवाई करण्यात येईल.' ही माहिती गरजेची आहे, नाही म्हणत नाही. १९६ म्हणजे दोन गटांत शत्रुत्व वाढवणं, २९९ म्हणजे धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं, ३५३ म्हणजे अफवा आणि चिथावणी. तुम्हालाही माहीत असावी. पण घाबरलेला मुलगा फार तर पोस्ट डिलीट करतो. त्याचं मत तेच राहतं, आणि तो उघड ग्रुपवरून बंद ग्रुपमध्ये जातो, जिथे त्याला उलट बोलणारं कोणीच नसतं.

कट्टर कोण, हे ठरवणार कोण?

हा प्रश्न टाळून हा लेख पूर्ण होत नाही. २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, पोस्टमध्ये फक्त बंदबद्दल प्रश्न होता. ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला की सरकारबद्दलची माहिती खोटी आहे का हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्दबातल ठरवला. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने 'कडव्या डाव्या' संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हाही विरोधकांचा मुख्य आक्षेप व्याख्येवर होता: आंदोलन करणारा आणि बंदूक उचलणारा यांच्यात रेषा कुठे?

तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, हे मोहिमेच्या परिणामाच्या दृष्टीने बघा. सरकार जर पिकाचा भाव मागणाऱ्यालाही आणि बॉम्ब ठेवणाऱ्यालाही एकाच शब्दाने हाक मारायला लागलं, तर तो शब्द खऱ्या धोक्याच्या वेळी कोणी ऐकणार नाही. फोनवर रोज दहा 'अर्जंट' नोटिफिकेशन पाठवणाऱ्या ॲपचं आपण काय करतो? म्यूट.

तुमच्या फोनवर हे करून बघा

फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोणतीही जाहिरात दिसली की तीन टिंबांवर दाबून 'ही जाहिरात मला का दिसतेय' बघा. वय, जिल्हा, आवड, कशावरून तुम्हाला निवडलं ते कळतं. मेटाच्या ॲड लायब्ररीत राजकीय आणि सामाजिक विषयांवरच्या जाहिरातींचे पैसे कोणी दिले ते नावासकट असतं. सरकारी मोहिमेवर सरकारचं नाव असेल तर ती प्रामाणिक मोहीम, मग पटो न पटो. नाव कुठेच नसेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भडकाऊ रील दिसला तर कमेंट करू नका, शेअर करून 'बघा काय चाललंय' असंही लिहू नका. जास्त वेळ दाबून 'रस नाही' करा, गंभीर असेल तर रिपोर्ट. मित्र वाहवत चाललाय असं वाटलं तर ग्रुपवर त्याचा पाणउतारा करण्यापेक्षा एकटं भेटून चहा पाजा. एटीएससुद्धा शेवटी आई-वडिलांनाच सोबत घेते, हे वर वाचलंच तुम्ही.

आणि पुढच्या सणाआधी तुमच्या ठाण्यात शांतता समितीची बैठक असेल तेव्हा ठाणेदारांना जाऊन विचारा, 'साहेब, आमच्या गल्लीच्या ग्रुपचे ॲडमिन घेऊन येऊ का?' नाही म्हणाले तर काय म्हणून नाही म्हणाले ते खाली कमेंटमध्ये लिहा. ॲड लायब्ररी मराठीत कशी शोधायची, ते स्क्रीनशॉटसह पुढच्या लेखात दाखवतो.